सात फुटांची गादी

मी सहा फूट पाच इंच आहे. एसटीच्या सीटमध्ये, वर्गातल्या बाकात, हॉस्टेलच्या कॉटवर मी कधीच नीट मावलो नाही आणि त्याची सवय झाली होती. लातूरला एमआरआयच्या नळीत मात्र मी जवळजवळ सगळा मावलो. तिथेच मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

हात पोटावर ठेवा, हलू नका, आवाज येईल, असं सांगून तिथला माणूस बाहेर गेला. नाकासमोर चार बोटांवर पांढरी भिंत होती. पाय तेवढे बाहेर राहिले होते आणि त्यांना गार वारा लागत होता. हजारो लोकांसमोर मी बास्केटबॉलच्या कोर्टवर उतरलो आहे. पण तिथे मला रडू आलं, आणि हात हलवायचा नसल्यामुळे पाणी तसंच कानात गेलं.

दुपारी डॉक्टर मॅडमनी फिल्म खिडकीकडे धरली. दोन मणके उंदराने कुरतडल्यासारखे दिसत होते. मणक्याचा टीबी असावा, सुई घालून तपासणी केली की नक्की कळेल, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, दुखायला लागून किती दिवस झाले?

"आठ महिने," मी म्हणालो.

"आठ महिने काय केलंत?"

मी अब्बांकडे पाहिलं. अब्बा फरशीकडे बघत होते. खोटं सुचलं नाही, म्हणून मी खरं सांगितलं.

"गाद्या बदलल्या, मॅडम."

मी चेष्टा करतोय का, हे बघायला त्यांनी पेन थांबवलं.

गाद्या

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. घरी आम्ही आमची दखनी बोलतो आणि दुकानात गिऱ्हाइकांशी मराठी. लिहिण्याची मला सवय नाही. पण मी आडवा असताना असं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, असं सारखं वाटतं, म्हणून लिहितो.

निलंग्यात आमचं गादीचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. आजोबा धनुकलीने कापूस पिंजायचे, अब्बांच्या काळात मशीन आलं. गादी, उशी, रजई यांतलं जे अब्बांना कळतं ते तालुक्यात कुणाला कळत नाही, असं मी लहानपणापासून ऐकत आलो आणि ते खरंही आहे. गिऱ्हाईक गादीवर बसलं की ते न विचारता सांगतात, तुम्ही डाव्या कुशीवर झोपता. माझी उंची वाढायला लागली तशी दर वर्षी ते माझी गादी उसवून वीतभर लांब करायचे.

आठवीत असताना शाळेतले खेळाचे शिक्षक कांबळे सर उशा घ्यायला आले. वरच्या फळीवरचा गठ्ठा मी टाचासुद्धा न उचलता काढून दिला. उशा राहिल्या बाजूला, सर अब्बांना म्हणाले, हे पोर उद्यापासून मला द्या. शाळेमागे सिमेंटचं कोर्ट आहे. सुगीत त्याच्या अर्ध्या भागावर कुणीतरी हरभरा वाळत घालतं, आम्ही उरलेल्या अर्ध्यात खेळायचो.

खेळामुळे मला नांदेडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीत बालाजी होता. तो उमरीचा, शेतकऱ्याचा मुलगा, आमच्या टीमचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा, माझ्या छातीएवढा आणि माझ्यापेक्षा दुप्पट बोलणारा. दुसऱ्या वर्षाला व्यावसायिक लीगमधल्या एका संघाने निवड चाचणी घेतली आणि मला सेंटर म्हणून, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच गडी म्हणून घेतलं. पहिल्या मोसमात मी बहुतेक वेळ बाकावरच होतो, पण सात सामन्यांत उतरलो. पाठीवर नाव छापलेली जर्सी मिळाली. खेळणं हे माझं काम आहे, असं मला सांगता येऊ लागलं. पुढच्या मोसमाचा करार झाला होता. सराव शिबिराला हजर व्हायचं एवढंच बाकी होतं.

दुखणं मोसमाच्या शेवटी सुरू झालं. कमरेच्या जरा वर, कुणी मूठ रोवून धरल्यासारखं. मी अब्बांना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, झोपतोस कशावर? मी म्हणालो, हॉटेलात फोम आहे. त्यांनी असा उसासा टाकला की त्यांना सगळं कळलंच.

पहिली गादी एसटीच्या टपावर बसून नांदेडला आली. बालाजी आणि मी ती गुंडाळी मोटरसायकलवर मध्ये घेऊन स्टँडवरून निघालो. बालाजी म्हणाला, "नीट धर बे, लोकायला वाटल मयत घेऊन चाललो." त्या गादीने तीन दिवस बरं वाटलं. मग अब्बांनी दुसरी पाठवली, जास्त कडक. मग तिसरी, पातळ. चौथी नव्या कापसाची. पहाटे अंग घामाने भिजतं असं मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, नवा कापूस गरम असतो, दोन दिवस उन्हात टाक. वजन उतरलं, तर खेळणारा माणूस सुटसुटीतच असावा. संध्याकाळी कणकण यायची, ती थकव्याची.

मी जे सांगेन त्याला दुकानात उत्तर होतं. मला ते पटायचं, कारण ते सांगणारे अब्बा होते. आणि खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचंही होतं. डॉक्टरकडे गेलो असतो तर डॉक्टरने विश्रांती सांगितली असती. गादी मात्र कधी खेळू नको म्हणत नाही. त्यामुळे चूक एकट्या अब्बांची नाही.

मग एका सकाळी नांदेडच्या कोर्टवर रिबाऊंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला बॉल, हवेत घेऊन मी खाली आलो आणि दोन्ही पायांत मुंग्या आल्या. चालायला लागलो तर बालाजी मागून ओरडला नाही, जवळ येऊन हळू म्हणाला, "तुझे पाय घासून राहिले. बुटाचा आवाज ऐक." मी ऐकला. चवडे उचलले जातच नव्हते. त्याच दिवशी त्याने मला लातूरच्या बसमध्ये बसवलं, शेजारी स्वतः बसला आणि अब्बांना फोन लावला.

वॉर्ड

सुईच्या तपासणीत टीबीच निघाला. छातीचा फोटो स्वच्छ होता, म्हणजे हा माझ्यापासून कुणाला होणार नव्हता. ऑपरेशन टळू शकतं, पण सपाट झोपायचं, उठायचं नाही, बसायचं नाही, कूस बदलायची तर ओंडक्यासारखं एकदम वळायचं, असं मॅडमनी सांगितलं. वॉर्डात मी तीन आठवडे होतो, त्यांत एकदाही बसलो नाही.

कॉट सहा फुटांची होती. पायाच्या बाजूचा दांडा सिस्टरनी काढायला लावला आणि पुढे स्टूल ठेवलं. येणारा-जाणारा स्टुलाला धडकायचा आणि माझ्या पायांना सॉरी म्हणायचा. सकाळी सिस्टर यायच्या. पायाचा अंगठा वर कर. आता खाली दाब. माझ्या हाताला धक्का दे. आयुष्यभर मी उड्या मोजल्या आणि आता माझा सगळा दिवस त्या अंगठ्यावर अवलंबून असायचा. काही सकाळी तो यायचा. काही सकाळी मी सगळं बळ लावायचो आणि सिस्टर म्हणायच्या, हं, कर ना. मी करतच असायचो.

गोळ्या सुरू झाल्या तेव्हा लघवी शेंदरी झाली. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. अम्मीला ते रक्त वाटलं आणि ती भांडं हातात घेऊन वॉर्डभर धावली. सिस्टर हसल्या आणि मग तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. तुम्हालाही होईल. घाबरू नका.

शेजारच्या कॉटवर सिद्राम मामा होते. उदगीरकडचे ट्रक ड्रायव्हर, मांडीचं हाड मोडलेलं. ते मला पेपरातलं खेळाचं पान वाचून दाखवायचे. बास्केटबॉलचं त्यात कधीच काही नसायचं, म्हणून ते कबड्डीची बातमी वाचायचे आणि मध्येच खेळाडूच्या जागी माझं नाव घालायचे.

बालाजीने नांदेडहून बॉल आणून दिला. उताणं पडून छताकडे फेकला आणि परत हातात आला, तर बोटांची सवय राहते, असं त्याचं म्हणणं. पहिल्याच फेकीला पाठीत असं काही झालं की मॅडमनी बॉल कॉटखाली ठेवायला लावला. मग मी हात खाली सोडून तो बोटांनी चाचपायचो. त्यावरचे खरखरीत दाणे हाताला लागायचे. पंख्याकडे बघत मी तासन् तास तेवढंच करायचो. वर पंखा, खाली बॉल, मध्ये मी. दोन्ही हातभर अंतरावर आणि कुठेच जाता येत नव्हतं.

पडल्याची गोष्ट

वॉर्डातल्या पहिल्याच आठवड्यात अम्मी आणि अब्बांनी ठरवलं की आजाराचं नाव बाहेर काढायचं नाही. विचारलं तर सांगायचं, खेळताना पडला, मणका दुखावला.

त्यांना लाज वाटत होती असं मला तेव्हा वाटलं आणि राग आला. पण कारण दुकान होतं. लोक आमच्याकडे अंगाखालचा आणि अंगावरचा कापूस देतात. लेकीच्या लग्नाच्या गाद्या, बाळंतिणीची रजई. गादीवाल्याच्या घरात टीबी आहे, हे कळल्यावर कोण देणार? हा फुफ्फुसाचा नाही, पसरत नाही, हे मॅडमनी अब्बांना तीनदा सांगितलं होतं. अब्बांना ते पटलंही होतं. पण गिऱ्हाइकाला कुणी सांगायचं?

मीही गप्प बसलो. मला माझं दुकान होतंच. संघाच्या मॅनेजरना मी फोनवर सांगितलं होतं, स्नायू आखडला आहे, शिबिरापर्यंत ठीक होईन.

तीन आठवड्यांनी घरी आणलं, तेही आडवंच. आणखी दोन महिने सपाट. दुकानामागच्या खोलीत लाकडी फळ्यांचा पलंग, त्यावर एक दुहेरी चादर. सगळ्या गावाला गाद्या देणाऱ्या घरात मी फळीवर, आणि अब्बा त्या दिवसापासून खाली चटईवर. अम्मीने विचारलं तर ते म्हणाले, गर्मी होती है. तेव्हा थंडीचे दिवस होते.

भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं. मशीनची घरघर थांबली की गिऱ्हाईक आलं आहे हे कळायचं. मग दर वेळी तेच.

"पोरगं कसं हाय आता?"

"हाय बरं. खेळताना पडलं ना."

"लई खेळ बी वाईटच."

 मशीन पुन्हा सुरू व्हायचं.

कांबळे सर भेटायला आले. खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "तुला जास्त ताणलं मी. लहानपणी एवढ्या उड्या मारून घ्यायला नको होत्या. चुकलं माझं." मी काही बोललो नाही. दार उघडं होतं, दुकानात गिऱ्हाईक होतं. सरांनी मग जाता जाता सांगितलं की दोन बहिणी यायच्या ना कोर्टवर, त्यांच्या वडिलांनी त्यांना बंद केलं. गादीवाल्याचं एवढं दांडगं पोर मोडलं तर आमच्या पोरींचं काय, असं म्हणाले. सर तक्रार करत नव्हते, नुसतं सांगत होते. ते गेल्यावर मी चादर तोंडात धरली.

औषधांनी माझं दुखणं कमी होत होतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत मला सगळ्यात जास्त कोंडल्यासारखं झालं. पाठीत मणका, भिंतीपलीकडे ती पडल्याची गोष्ट, फोनमध्ये शिबिराची तारीख. एकातून सुटावं तर दुसरं धरून ठेवायचं. संघाला खरं सांगितलं तर करार जाणार. नाही सांगितलं तर महिन्याभराने मला तिथे जाऊन उडी मारावी लागणार.

बालाजी एकदा आला तेव्हा मी त्याला म्हणालो, गोळ्या बॅगेत टाकून शिबिराला जाईन, कुणाला कळणार नाही. तो भांडला.

"तू येडा झालास का? खोटं बोलून बोलून तुलाच खरं वाटून राहिलं."

"करार गेला तर माझ्याकडं काय उरतं?"

"आन पाय गेले तर?"

मी त्याला जायला सांगितलं. तो माझ्यासाठी आणलेला डबा तसाच ठेवून उमरीला गेला आणि पंधरा दिवस फोन केला नाही.

उडी

शिबिराला तीन आठवडे उरले होते. दुपारची वेळ. अम्मी नातेवाइकांकडे गेली होती, धाकटी बहीण रुक्की क्लासला, अब्बा दुकानात मशीनवर. दोन दिवसांपासून मी भिंत धरून उभा राहायला लागलो होतो, तेही पट्टा बांधून, मॅडमच्या परवानगीने, फक्त पाच मिनिटं. त्या दुपारी मी पट्टा बांधला नाही.

खोलीत पत्र्याखाली एक लोखंडी अँगल आहे. दहावीपासून मी येता-जाता उडी मारून त्याला बोट लावायचो. तिथपर्यंत मी भिंत धरून गेलो. आता फक्त एक, म्हणजे कळेल, असं मनाशी म्हणालो. गुडघे वाकवले आणि उडी मारली.

जेमतेम वीतभर उडालो असेन. खाली आलो तेव्हा पाय होते की नव्हते ते कळलं नाही. मी बाजूला कोसळलो.

बाजूला कापूस होता. लग्नाच्या मोठ्या ऑर्डरचा पिंजलेला कापूस, छातीएवढा ढीग. मी त्यात पडलो आणि आत बुडत गेलो. फरशी असती तर हे लिहायला मी बसलो नसतो, असं मॅडम नंतर म्हणाल्या. पण तेव्हा मला त्या कापसाचे कसलेही उपकार वाटले नाहीत. कापसाला धरायला काही नसतं. हात टेकला की हात आत जायचा. तोंडात, नाकात तंतू. हाक मारली तर ती कापसातच राहायची, आणि पलीकडे मशीन चालू होतं. पाय हलत नव्हते. पत्र्याला लागून तो अँगल तेवढा दिसत होता.

किती वेळ गेला ते माहीत नाही. क्लासहून आलेल्या रुक्कीने माझा हात पाहिला. ती किंचाळली नाही. आधी धावत जाऊन तिने मशीनचं बटण बंद केलं, मग अब्बांना आणलं.

वॉर्डात शिकवलं होतं तसं दोघांनी मला ओंडक्यासारखं उचललं. अब्बांनी माझ्या नाकातले तंतू काढले. मग माझ्या पायाचा अंगठा धरून म्हणाले, हलव. मी हलवला. तो हलला. थोडा, पण हलला.

अब्बा पलंगाला पाठ लावून खाली बसले. माझ्याकडे तोंड नव्हतं.

"तुजे दवाखाने ले जाना था, बेटा. मैं गाद्यां बनाते बैठा."

लातूरच्या त्या दुपारपासून तीन महिने त्यांनी हे पोटात ठेवलं होतं.  आपल्या वडिलांना माफ करायची पद्धत आमच्याकडे नाही, मुलाने ते करायचं नसतं. मी म्हणालो, अब्बा, मेरा फोन देव.

फोन

संघाच्या मॅनेजरना मी सगळं सांगितलं. टीबी हा शब्द मी मोठ्याने पहिल्यांदा त्यांच्याशी बोलताना उच्चारला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी औषधं चालू आहेत ना विचारलं. मग म्हणाले की जागा थांबवून ठेवता येत नाही, बरा झाल्यावर चाचणीला ये, दार बंद नाही, पण वचनही नाही. दोन दिवसांनी करार रद्द झाल्याचा मेल आला. तो मी एकदाच वाचला.

दुसरा फोन कांबळे सरांना. 

"आधी सांगायचंस रे," ते म्हणाले. आणि मग, "गोळ्या जेवणाआधी घेतोस का नंतर?"

तिसरा बालाजीला. तो म्हणाला, "हाव, मला ठाऊक होतं तू फोन करशील. फक्त लई उशीर केलास." आणि डबा परत मागितला.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी नवी फिल्म बघितली, मणके तसेच होते, सरकले नव्हते. त्या मला असं काही बोलल्या की ते इथे लिहीत नाही. पुन्हा सहा आठवडे सपाट.

दुकान

त्यानंतर चार-पाच दिवसांनी भिंतीपलीकडे एक बाई आल्या. मुलीच्या लग्नाच्या गाद्यांची ती मोठी ऑर्डर त्यांचीच. त्यांनी विचारलं, पोराचं हाड जुळलं का?

मशीन बंद झालं.

"हाड मोडलंच नव्हतं," अब्बा म्हणाले. "टीबी झाला त्याला. मणक्यात."

 मग बाई म्हणाल्या, "आन कापूस इथंच पिंजता तुमी?"

अब्बांनी मॅडमचं सगळं बोलणं त्यांना सांगितलं. हा छातीत नाही, खोकल्यातून जात नाही, आम्हा सगळ्यांची तपासणी झाली आहे. पण त्याच ढिगात मी पडलो होतो, हे आठवून की काय, शेवटी ते स्वतःच म्हणाले, तुमचा कापूस मी बदलून देतो. बाई म्हणाल्या, विचार करून सांगते. त्या परत आल्या नाहीत.

तो मोसम दुकानाला वाईट गेला. हे मी लपवणार नाही, कारण खरं सांगितलं की सगळं सुरळीत होतं असं कुणाला वाटू नये. बरेच दिवस पलीकडून मशीनचा आवाज आलाच नाही आणि मी त्या शांततेत पडून राहायचो. अब्बांना विचारायचो, चुकलं का आपलं? ते म्हणायचे, चुप पड.

एका बाजाराच्या दिवशी काठी टेकत सिद्राम मामा आले. दुकानात दोघं-तिघं नुसतीच भाव विचारायला उभी होती. मामा मुद्दाम मोठ्याने बोलले. "मला रजई पाहिजे. गादीवाल्याचं पोर तीन आठवडे माझ्या शेजारी झोपलं होतं, बघा, मला काय झालंय का? पाय मोडलाय, तो ट्रकनं." कुणीतरी हसलं. त्या दिवशी दोन उशा गेल्या. पुढे हळूहळू लोक येत गेले, सगळे नाहीत.

आता

औषधांचा हा माझा चौदावा महिना. पट्टा सुटला. गोळ्या अजून थोडे महिने आहेत. सकाळी पाचही गोळ्या मी रुक्कीसमोर घेतो, कारण बरं वाटायला लागलं की माणूस स्वतःला फसवतो, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. कॉलेजला पुन्हा जातो. तुमची पाठ महिनाभराहून जास्त दुखत असेल, पहाटे घाम येत असेल, वजन उतरत असेल, तर ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त विश्वास आहे त्याचं ऐका, पण आधी दवाखान्यात जा.

मागच्या तपासणीला मॅडम म्हणाल्या, आता फळीची गरज नाही, पातळ कापसाची गादी चालेल. अब्बा सोबत होते. त्यांनी पिशवीतून हातभर गादीचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. असं काही त्यांच्या पिशवीत आहे, हे मला माहीत नव्हतं. मॅडम, दाबून बघा, ते म्हणाले. मॅडमनी आधी हाताने, मग कोपराने दाबलं. थोडी अजून कडक, असं त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी अब्बा दुसरा तुकडा घेऊन गेले. तो पास झाला. मग त्यांनी सात फुटांची गादी भरली, दाभणाने टाके स्वतः घातले आणि माझ्या पलंगावर आणून टाकली.

"ये सिर्फ सोनेकू है," ते म्हणाले.

त्या दिवसापासून तेही गादीवर झोपतात.

गेल्या रविवारी मी कोर्टवर गेलो. मॅडमनी एवढंच सांगितलंय, पळायचं नाही, उडी अजिबात नाही. पुढचं सहा महिन्यांनी बघू. संघात परत घेतील का, मला माहीत नाही. कधीकधी वाटतं नाही घेणार. बालाजी उमरीहून आला होता, कांबळे सर होते. त्या दोन बहिणींपैकी धाकटी परत यायला लागली आहे, मोठी आली नाही. अर्ध्या कोर्टवर हरभरा होता.

अब्बाही आले होते. इतक्या वर्षांत त्यांनी मला खेळताना कधी पाहिलं नव्हतं, दुकान सोडता येत नाही म्हणून. ते हरभऱ्याच्या कडेला चप्पल काढून बसले.

मी फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिलो. बॉल जड वाटला. टाकला तो रिंगपर्यंत पोचलाच नाही, खाली पडून हरभऱ्यात गेला. धाकटी आणायला धावली. बालाजी म्हणाला, "आता हरभरा बी मोडला म्हणतील." सर हसले नाहीत, ते माझ्या गुडघ्यांकडे बघत होते.

अब्बांनी मला हाताने खूण करून थांबवलं. "इसमें उडी नै ना?"

"नै अब्बा. इसमें पाँव जमीनपरच रहते."

त्यांनी खाली वाकून माझ्या बुटांकडे नीट पाहिलं, गादीचा टाका बघतात तसं.

"तो फिर और एक डाल," ते म्हणाले.